गटारात उतरताना टोन कसा ठेवायचा?

समासात लाल पेनाने एकच शब्द होता. टोन.

खाली मार्क : वीसपैकी आठ. त्याखाली बारीक अक्षरात शेरा : पॅथॉस फार, लोगॉस कमी, इथॉस उभाच राहत नाही. राग आवरा. पुन्हा लिहा.

निबंध माझ्या चुलत्यावर होता. चुलता एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये उतरला, आणि वर आला तो दोरीला बांधलेला. तोंडावर मास्क नव्हता, अंगावर पट्टा नव्हता. खिशात ठेकेदाराने आगाऊ दिलेली पाचशेची नोट होती, तीही भिजलेली. हे मी लिहिलं. ठेकेदाराला खुनी म्हटलं, सोसायटीला खुनी म्हटलं. ज्यांचा मैला त्या टाकीत होता त्या सगळ्या मजल्यांना खुनी म्हटलं. वर्गात चर्चा कशाची झाली? माझ्या विशेषणांची.

दोस्तांनो, मार्कांसाठी गळा काढायला मी बसलेलो नाही. नापास व्हायचं आपल्याला नवं नाही. आपले आजे-पणजे शाळेच्या पायरीवर, आत न जाताच नापास झालेत. मला भांडायचंय ते त्या तीन शब्दांशी. इथॉस, पॅथॉस, लोगॉस. कारण हे तीन शब्द आता आपल्या पोरांच्या वह्यांवर मारले जाणारेत. तेव्हा ते कुठून आले, कुणासाठी आले आणि त्यांचं आपण करायचं काय, हे एकदा नीट बोलून घेऊ.

आमच्या कॉलेजात लेखनाचा एक कोर्स आहे. पुस्तक अमेरिकन धर्तीचं. समोरच्याला लिहून कसं पटवावं हे त्यात शिकवतात. या विद्येचं नाव ऱ्हेटरिक. वक्तृत्वशास्त्र म्हणा, नाहीतर सरळ पटवण्याची विद्या म्हणा. विद्या ग्रीकांची. तिच्यावर ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अरिस्टॉटलने ग्रंथ रचला. बोलणारा ऐकणाऱ्याला तीन वाटांनी पटवतो असं तो सांगतो. बोलणाऱ्याच्या पतीवर विश्वास बसतो, तो इथॉस. ऐकणाऱ्याच्या काळजाला हात जातो, तो पॅथॉस. मुद्द्यावर मुद्दा रचून गोष्ट सिद्ध होते, तो लोगॉस.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ही विद्या हळूहळू व्यासपीठावरून वहीत उतरली. हार्वर्डसारख्या कॉलेजांनी पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंधलेखन सक्तीचं केलं, आणि बोलण्याची कला स्पेलिंग आणि परिच्छेद तपासण्याची कला होऊन बसली. मग १९६५ साली एडवर्ड कॉर्बेट नावाच्या प्राध्यापकाने आजच्या विद्यार्थ्यांसाठी जुन्या ग्रीक-रोमन ऱ्हेटरिकचं जाडजूड पाठ्यपुस्तक काढलं. तेव्हापासून तिकडच्या लेखनाच्या वर्गात अरिस्टॉटल पुन्हा जोरात. तिकडून तो आमच्या बाकावर आला. झेरॉक्स होऊन.

आमच्या मॅडम वाईट नाहीत. उगाच कुणाला शिव्या देणार नाही. पहिल्याच तासाला त्यांनी मार्टिन ल्यूथर किंगचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र वाटलं आणि तीन रंगांचे पेन आणायला सांगितले. इथॉसखाली निळी रेघ. पॅथॉसखाली लाल. लोगॉसखाली हिरवी. तासाभरात पत्राची होळीतल्या पोरासारखी अवस्था झाली. सगळ्यांना मार्क मिळाले. पण किंग तुरुंगात का होता, हे कुणी विचारलं नाही.

तो का होता? एप्रिल १९६३. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात काळ्यांची निदर्शनं चालली होती. कोर्टाचा मनाईहुकूम मोडून मोर्चा काढला म्हणून किंगला आत टाकलं. तेवढ्यात आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर पत्रक काढलं. भले लोक, उदारमतवादी लोक. त्यांचं म्हणणं काय? निदर्शनं शहाणपणाची नाहीत, वेळ बरोबर नाही, कोर्टात जा, बोलणी करा, शांतता राखा. म्हणजे काय दोस्तांनो? टोन! त्यांनीही किंगच्या निबंधावर लाल पेनाने तेवढंच लिहिलं होतं.

आणि किंगने उत्तर कशावर लिहायला घेतलं? वर्तमानपत्राच्या समासात. मिळेल त्या चिठोऱ्यावर. मॅडमने माझ्या समासात जो शब्द लिहिला, त्याला त्या माणसाने साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका समासातून उत्तर देऊन ठेवलंय. 'थांबा' म्हणणाऱ्यांना त्याने काळ्या माणसाचं रोजचं जिणं एकाच प्रचंड वाक्यात सुनावलंय. जमावाने केलेले खून, पोलिसांच्या लाथा, खेळायच्या बागेत का जाता येत नाही हे लहान पोरीला सांगताना अडखळणारी बापाची जीभ. वाक्य संपतच नाही. श्वास लागतो वाचताना. त्या वाक्याखाली आम्ही लाल रेघ मारली आणि कंसात लिहिलं : पॅथॉस. झालं. राग पाठ्यपुस्तकात गेला की त्याला मार्क असतात. वर्गातल्या पोराने केला की मार्क कापतात.

आता अरिस्टॉटलकडे वळू. मॅडमने वाटलेल्या झेरॉक्समध्ये पहिल्या पुस्तकाची चार पानं होती. मी लायब्ररीतून अख्खा ग्रंथ काढला. ग्रंथपाल म्हणाला, हा कुणी नेत नाही. मी म्हटलं, आपण नेतो.

दुसऱ्याच पुस्तकात या माणसाने रागावर अख्खं प्रकरण लिहिलंय. राग का येतो? कुणी आपल्याला विनाकारण कस्पटासमान लेखलं की येतो. त्या लेखण्याच्या तीन तऱ्हा त्याने मोजल्यात : तुच्छता, खोडसाळ आडकाठी आणि उद्दाम अपमान. वाचून मी उडालोच. ही तर आपल्या कुठल्याही वस्तीच्या दिवसाची डायरी आहे! आणि नीतिशास्त्रावरच्या दुसऱ्या ग्रंथात तो आणखी पुढे जातो. जिथं रागवायला हवं तिथं जो रागवत नाही तो त्याच्या लेखी मूर्ख. स्वतःचा अपमान गिळणं हे गुलामाचं लक्षण. म्हणजे ज्याच्या नावाने आमचा राग कापला जातो, त्या माणसाने स्वतः राग कापलेला नाही. राग कापला तो पाठ्यपुस्तकवाल्यांनी.

पण थांबा. म्हातारा आपला दोस्त आहे असं समजून टाळ्या पिटू नका. 'गुलामाचं लक्षण' हे शब्द लक्षात ठेवा. काही माणसं निसर्गानेच गुलाम असतात, हे राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात लिहिणारा हाच. मनूला आपण जाळला. हा त्याचाच ग्रीक भाऊबंद.

आता ऱ्हेटरिकच्या पहिल्या पुस्तकाचं पंधरावं प्रकरण उघडा. ते आमच्या झेरॉक्समध्ये नव्हतं. इथॉस, पॅथॉस, लोगॉस हे पुरावे बोलणाऱ्याला आपल्या कलेने घडवावे लागतात. काही पुरावे मात्र आयते मिळतात, ते फक्त वापरायचे. कोर्टातल्या अशा आयत्या पुराव्यांची यादी अरिस्टॉटल देतो. पाच आहेत : कायदे, साक्षीदार, करारपत्रं, छळ आणि शपथा.

पुन्हा वाचा. चौथा कोणता? छळ.

कुणाचा छळ? गुलामाचा. अथेन्सच्या कोर्टात सर्वसाधारण नियम असा, की गुलामाची साक्ष पुरावा म्हणून धरायची तर ती छळ करूनच घेतलेली पाहिजे. स्वतंत्र नागरिक उभा राहून बोलला की ती साक्ष. गुलाम नुसता बोलला तर तो आवाज. त्याला चाकावर ताणला, फटकावला, मग तोंडातून निघालं ते सत्य. या छळाला ग्रीक शब्द आहे बासानोस. मूळ अर्थ काय? सोन्याचा कस लावायचा दगड. कसोटी! गुलामाचं अंग ही नागरिकाच्या सत्याची कसोटी. आणि अरिस्टॉटल थंडपणे शिकवतो : छळातून निघालेली साक्ष तुमच्या बाजूची असेल तर म्हणा, हाच एक खरा पुरावा. विरुद्ध गेली तर म्हणा, मार खाणारा माणूस काय वाटेल ते बोलतो. एकच किंकाळी, दोन्ही वकिलांच्या कामाची. किंकाळणारा कुणाच्याच मोजणीत नाही.

आता मला सांगा, इथॉस म्हणजे काय? बोलणाऱ्याने आपल्या बोलण्यातून कमावलेली पत, असं अरिस्टॉटल सांगतो. आधीपासूनचं नाव नव्हे, बोलण्यातूनच ती उभी राहिली पाहिजे. ऐकायला गोड आहे. पण त्याच्याच गावात, त्याच्याच कोर्टात, बोलण्याआधीच ठरलेलं होतं की कुणाचं तोंड पुरावा आणि कुणाची पाठ पुरावा. जिथं अर्ध्या माणसांच्या शब्दाला फटक्याशिवाय किंमत नाही, तिथं उरलेल्यांनी पतीवर प्रवचन करायचं. हा त्या शास्त्राच्या पायाखाली गाडलेला माणूस आहे. लेखनाच्या वर्गात तीन रंगांच्या रेघा मारून आम्ही त्याच्यावरून चालतो.

मॅडम लिहितात, इथॉस उभा राहत नाही. बरोबर आहे मॅडम. माझा इथॉस माझ्या आडनावावर बसवून ठेवलाय. तो उठला की तुमची खुर्ची हलते.

इथवर आल्यावर आमच्यातलाच एक कार्यकर्ता म्हणाला, मग फेकून दे ना ते ग्रीकचं बाड. आपला राग हीच आपली विद्या. भटाची असो की ग्रीकाची, मालकाची विद्या शेवटी मालकाची.

हे मला मान्य नाही. आणि या लेखाचं खरं भांडण मॅडमशी कमी, या गड्याशी जास्त आहे. कारण हाच गडी उद्या पोरांना सांगणार, कॉलेज सोड, शास्त्र सोड, घोषणा दे. सवर्णांना तरी दुसरं काय पाहिजे? त्यांनी हजार वर्षं जे दार बंद ठेवलं त्याला आता आपणच आतून कडी घालायची?

अमेरिकेतला फ्रेडरिक डग्लस घ्या. जन्माने गुलाम. बाल्टिमोरमध्ये मालकीण त्याला अक्षरं शिकवायला लागली तर मालकाने बंद पाडलं. शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही, हे मालकाला पक्कं माहीत होतं. पोर बाराएक वर्षांचं झालं तेव्हा त्याने बूट पॉलिश करून जमवलेल्या पन्नास सेंटांत एक पुस्तक विकत घेतलं. कुठलं? वक्तृत्वाचं पाठ्यपुस्तक! कोलंबियन ओरेटर. कॅलेब बिंगहॅम नावाच्या शिक्षकाने १७९७ साली काढलेलं, शाळेतल्या गोऱ्या पोरांना भाषण शिकवणारं. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद आहे. पळून जाताना पकडलेला गुलाम मालकाचा एकेक मुद्दा खोडून काढतो आणि शेवटी मालकाला त्याला मोकळं करावं लागतं. खऱ्या जगात असा मालक डग्लसला भेटला नाही. त्याला पळूनच जावं लागलं. पण आपल्या डोक्यात जे घुमत होतं त्याला जीभ या पुस्तकाने दिली, असं तो पुढे स्वतः सांगतो.

आता पुढची गंमत बघा. पळून आल्यावर डग्लस गुलामीविरोधी सभांत बोलायला लागला. त्याचं बोलणं इतकं तयार, की लोक म्हणायला लागले, हा कसला गुलाम! मग त्याच्या गोऱ्या मित्रांनी सल्ला दिला : बोलण्यात थोडी मळ्यावरची भाषा राहू दे, फार शिकलेला वाटू नकोस, तू फक्त हकिगत सांग, तत्त्वज्ञान आम्ही बघतो. १८४५ साली त्याने आत्मचरित्र लिहिलं. मुखपृष्ठावर 'स्वतः लिहिलेलं' असं छापावं लागलं आणि पुढे दोन गोऱ्या पुढाऱ्यांचे दाखले जोडावे लागले. त्याच्याही आधी, १७७३ साली, फिलिस व्हीटली या गुलाम मुलीच्या कवितांचं पुस्तक निघालं, तेव्हा या कविता हिनेच लिहिल्यात असं बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांनी सह्या करून सांगितलं होतं. अठरा सह्या! आपण जातीचा दाखला काढायला तहसीलमध्ये किती सह्यांसाठी हिंडतो ते आठवा. त्या पोरीला अक्कल असल्याचा दाखला काढावा लागला.

वाईट बोललास तर अडाणी. चांगलं बोललास तर नकली. रागाने बोललास तर टोन. हा फास ओळखा. आपल्याकडे तो रोज टाकला जातो. झोपडपट्टीची भाषा लिहिली की अश्लील, प्रमाण मराठी लिहिली की आता कसला दलित!

डग्लस या फासात अडकला का? नाही. त्याने गावंढळ व्हायला नकार दिला आणि गप्प बसायलाही नकार दिला. ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टर शहरात त्याला स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं. त्याने आधी गोऱ्यांच्या क्रांतिकारक पूर्वजांचं मनापासून कौतुक केलं. सभा सुखावली. मग त्याच सभेला त्याने विचारलं की तुमच्या या सणाशी गुलामाचा संबंध काय. ही रचना, आधी जवळ घेणं आणि मग आरसा दाखवणं, त्या पन्नास सेंटांच्या पुस्तकात होती तशा भाषणांतूनच शिकली जाते. विद्या मालकाची होती. फटका मालकाला बसला.

आणि हे सगळं आपल्या घरापासून लांब आहे असं समजू नका. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' काढली तेव्हा ती कुणाला अर्पण केली? गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. पुस्तकाचा घाट काय? संवाद. जोतीराव आणि धोंडीबा. धोंडीबा शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात. वाचणाऱ्या शूद्राच्या मनातली शंका आधी धोंडीबाच्या तोंडून बाहेर काढायची आणि मग ती फोडायची. याला ऱ्हेटरिक म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

त्याच्याही अठरा वर्षं आधी जा. १८५५. 'ज्ञानोदया'त एका शाळकरी पोरीचा निबंध छापून आला. मांगाची पोर, मुक्ता साळवे, वय चौदाच्या आसपास, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली. विषय : मांग-महारांचं दुःख. कॉलेजच्या मॅडमनी हा निबंध तपासायला घेतला तर काय होईल? पॅथॉस आहे, भरपूर आहे. पण लोगॉस बघा. पोर म्हणते, वेद ब्राह्मणांचेच असतील, ते आम्ही बघायचेही नसतील, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही. म्हणजे आम्ही धर्माशिवायचे ठरलो. मग आमचा धर्म कोणता ते देवाने सांगावं. समोरच्याचंच गृहीत धरलं आणि त्याच्याच गळ्यात अडकवलं. हा पेच सोडवायला भल्याभल्या शास्त्र्यांना जमलेलं नाही. आपल्या हातात आलेला हा एका विद्यार्थिनीचा निबंध आहे, दोस्तांनो. आपल्या लेखनाच्या कोर्सात पहिला धडा हा पाहिजे. आहे का? अमेरिकन पत्र आहे, ग्रीक झेरॉक्स आहे, मुक्ता नाही.

आणि बाबासाहेब. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे इथली जी पटवण्याची, वादाची, अलंकाराची जुनी विद्या होती तिची भाषाच त्यांच्यापुढे बंद केली. ते पुढे संस्कृतही स्वतःच्या कष्टाने शिकले आणि शूद्र मूळचे कोण हे त्यांच्याच ग्रंथांतून खोदून काढलं. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ ला मानववंशशास्त्राच्या सेमिनारात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. कॉलेजातलाच निबंध तो! त्यात जात म्हणजे काय हे ते पायरीपायरीने मांडतात, आधीच्या पंडितांच्या व्याख्या घेतात आणि एकेक बाजूला ठेवतात. वीस वर्षांनी, १९३६ साली, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. मजकूर आधी वाचून मंडळवाले हादरले. हिंदू धर्माच्या मुळावर घाव घालणारा भाग काढा, म्हणाले. पुन्हा तेच. टोन! बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली. न केलेलं भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापलं. बोलावणारी मंडळी आज कुणाला आठवत नाहीत. भाषण जगभर वाचलं जातं.

तेव्हा विद्या फेकून द्यायची गोष्ट करणाऱ्या गड्याला माझं सांगणं एवढंच : आपल्यातल्या एकाही मोठ्या माणसाने ती फेकलेली नाही. त्यांनी ती मुळापासून शिकून घेतली, आणि शिकताना आपला स्वल्पविराम विकला नाही.

आता या विद्येतलं एक हत्यार तुमच्या हातात देतो. त्याचं नाव एन्थिमीम. अरिस्टॉटल याला पटवण्याचा कणा मानतो. अर्थ सोपा आहे. माणूस बोलताना सगळे मुद्दे सांगत नाही. एक मुद्दा गाळतो. तो ऐकणारा स्वतःच मनात भरतो, कारण तो त्याला आधीच पटलेला असतो. 'पोरगा कोट्यातून आलाय, जरा तपासून घ्या.' यात काय गाळलं? 'कोट्यातून येतो त्याला अक्कल नसते.' हे कुणी उच्चारत नाही. उच्चारलं तर भांडण होईल. 'घर भाड्याने द्यायचंय, पण लोक आपल्यासारखे हवेत.' गाळलेलं तुम्हीच भरा. दोस्तांनो, जात आज अशी राहते. वाक्यात नाही, वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

याच मोकळ्या जागेतून एकदा अख्खा कायदा पोखरला गेला. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो म्हणून अटकेआधी परवानगी, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. ते प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं, कराडच्या एका सरकारी कॉलेजातल्या कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून गेलेलं. गैरवापर कुठल्या कायद्याचा होत नाही? पण इथं गाळलेला मुद्दा असा, की तक्रार करणारा दलित असेल तर आधी त्याचाच संशय घ्या. आला का लक्षात बासानोस? नुसत्या शब्दाला किंमत नाही, आधी कसोटीवर घासा. २ एप्रिलला देश बंद झाला, रस्त्यावर माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा पुन्हा दुरुस्त केला. १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टाने आपले ते आदेश मागे घेतले, आणि अख्ख्या समाजालाच खोटं बोलणारा धरता येत नाही हे मान्य केलं. रस्त्यावरच्या माणसांनी कोर्टाला त्याचं गाळलेलं वाक्य वाचून दाखवलं. तेव्हा त्यांचा टोन कसा होता, विचारा.

मग लेखनाचा कोर्स कसा पाहिजे? अमेरिकेतच एकदा हे भांडण झालंय. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९६९ साली काळ्या आणि पोर्तो रिकोच्या पोरांनी कॉलेज ताब्यात घेतलं. १९७० पासून शहराच्या विद्यापीठाचे दरवाजे हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना उघडले. मग प्राध्यापक ओरडले, यांना लिहिता येत नाही! त्याच कॉलेजातल्या मायना शॉनेसी या बाईने हजारो चुकलेले निबंध शांतपणे वाचले आणि १९७७ साली पुस्तक लिहून दाखवलं, की या चुकांना तर्क आहे. ही पोरं ढ नाहीत, एका नव्या भाषेत शिरताना माणूस करतो तशा चुका ती करतायत. त्याच कॉलेजात ऑड्रे लॉर्ड, जून जॉर्डन यांच्यासारख्या काळ्या कवयित्रींनी लिहायला शिकवलं. १९७४ साली लेखन शिकवणाऱ्यांच्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेने ठराव केला, की विद्यार्थ्याला आपल्या बोलीचा हक्क आहे. अर्थात १९७६ साली त्या विद्यापीठात फी लागली. दार उघडलं आणि सहा वर्षांत दारावर तिकीट बसवलं. तेही लक्षात ठेवा.

आपली मागणी अशी : शिकवा. सगळं शिकवा. पंधरावं प्रकरण गाळू नका. रागाचं प्रकरण गाळू नका. किंगचं पत्र रंगवण्याआधी ते आठ भले लोक कोण होते ते सांगा. मुक्ता साळवेला पाठ्यपुस्तकात घ्या. आणि निबंध तपासताना पोराला विचारा की तुझा मुद्दा सिद्ध झाला का. तू मला आवडेल असा बोललास का, हे विचारू नका.

आता माझ्या निबंधाचं. मी तो पुन्हा लिहिला. मॅडमचं एक म्हणणं खरं होतं, लोगॉस कमी होता. मी 'खुनी' हा शब्द तीनदा लिहिला होता आणि पुरावा एकदाही दिला नव्हता. तो आळस माझा. चुलत्याला माझ्या आळसाचा काय उपयोग?

मग मी लायब्ररीत बसलो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदीचा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा, संरक्षक साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा ठरवणारा. मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घराला दहा लाख द्यायला सांगितलं. ऑक्टोबर २०२३ ला ते तीस लाख केलं. मग मी बातमी काढली. चार ओळी. 'विषारी वायूमुळे सफाई कामगाराचा मृत्यू.' यात काय गाळलंय? उतरवणारा. वायूने मारलं म्हणे! वायूला हात असतात, वायू ठेका देतो, वायू पाचशेची नोट आगाऊ देतो. हे सगळं मी लिहिलं. प्रत्येक परिच्छेदाला एक कलम जोडलं. आणि 'खुनी' हा शब्द शेवटी एकदाच ठेवला, जिथं तो आता कुणाला काढता येणार नव्हता.

वही परत आली. बारा मार्क. समासात तोच लाल शब्द. टोन. मी शब्द काढलेला नाही.

त्या निबंधाची एक प्रत मॅडमकडे आहे. दुसरी मी चुलतीच्या नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडलीय. तिथला साहेब इथॉस बघेल, आडनाव बघेल, अर्ज बाजूला ठेवेल. तेव्हा त्याच्या टेबलासमोर चाळीस माणसं उभी करायची आहेत, आणि प्रत्येकाला कलम पाठ पाहिजे.

येत्या रविवारपासून आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी वाचन सुरू करतोय. मुक्ता, डग्लस, बाबासाहेबांचं न केलेलं भाषण, आणि हो, तो म्हातारा ग्रीकही. अख्खा. पेन एकाच रंगाचा आणा.

जयभीम.